हितली ग्रामसभा कवा असती? नवी मुंबईच्या नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
नवी मुंबई महानगरपालिकेचे सर्व 111 नगरसेवक,
आणि त्यातही आमच्या प्रभागाचे चौघे,

सप्रेम नमस्कार.

अभिनंदन करायला उशीर झाला, माफ करा. निकालानंतर तुम्ही सत्कारांत होता आणि आम्ही तुमचे बॅनर वाचत होतो. आमच्या चौकातल्या एका बॅनरवर चौघांचे फोटो आहेत, त्यांच्याही वर आणखी नऊ जणांचे. मी मोजले. त्या नऊंपैकी एकाचंही नाव आमच्या मतपत्रिकेवर नव्हतं. असो.

मी कोपरखैरणेची. माथाडींच्या बैठ्या घरात वाढले, तिथेच लग्नापर्यंत राहिले, आता दोन गल्ल्या सोडून राहते. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहण्यात गेलं. मूळचे पाटण तालुक्यातले. मतदार यादीत नाव इथलं, पण दरवर्षी उन्हाळ्यात गावी जातात आणि 1 मेच्या ग्रामसभेला हटकून बसतात. कडेला, खांबाला टेकून. तिथले मतदार नाहीत म्हणून कडेला. बोलतात मात्र मधे बसल्यासारखे.

गेल्या वर्षीच्या सभेत वाद होता तो पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतून आधी काय करायचं याचा. स्मशानभूमीची शेड की अंगणवाडीचा संडास? दीड-दोन तास जुंपली. कुणी सरपंचबाईंना उणंदुणं बोललं, कुणी मागच्या वर्षीच्या पाइपलाइनचा हिशेब काढला, एकाला खाली बसवावं लागलं. मग मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "मेल्याव भिजलं तर काय व्हत न्हाई, पोरं रोज भिजत्यात." ग्रामसेवकाने लिहून घेतलं, ठराव झाला, अंगणवाडी आधी. आण्णा हे सगळं मला सिनेमा सांगावा तसं सांगत होते. सांगून झाल्यावर चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "व्हय गं, हितली ग्रामसभा कवा असती?"

मला उत्तर देता आलं नाही. मी पदवीधर आहे, रोज पेपर वाचते, एकही मतदान चुकवलेलं नाही. सात-आठशे उंबऱ्यांच्या गावाला जे वर्षातून किमान चार वेळा कायद्याने मिळतं, ते लाखोंच्या शहरातल्या माणसाला कधी आणि कुठे मिळतं, हे मला सांगता येईना. हे पत्र त्या प्रश्नातून निघालेलं आहे.

आपल्या भाषेत या संस्थांना फार मोठं नाव आहे. स्थानिक स्वराज्य संस्था. दुसऱ्या कुठल्याही सरकारी यंत्रणेच्या नावात आपण 'स्वराज्य' घातलेलं नाही. राज्य सरकारला आपण शासन म्हणतो, केंद्राला केंद्र म्हणतो. स्वराज्य फक्त गटार, दिवाबत्ती आणि जन्ममृत्यूची नोंद करणाऱ्या कचेरीला. कुणाला हे विनोदी वाटेल, मला ते बरोबर वाटतं. स्वराज्य हा शब्द खरा ठरायचा तर तो माणसाच्या दारापासून हाकेच्या अंतरावरच ठरेल. पण बोलताना आपण तो शब्द गाळतो आणि नुसतं 'पालिका' म्हणतो, पालन करणारी. म्हणजे आपण पाळले जाणारे. पूर्वी तुमच्यासारख्यांना नगरपिता म्हणत, आता नगरसेवक म्हणतात. बाप झाला, नोकर झाला. आमच्यातला, आमच्या वतीने बोलायला पाठवलेला एक माणूस एवढा साधा अर्थ दोन्हींत नाही.

या संस्था आपल्याकडे वरून आल्या, हेही खरं. तुमच्या शेजारच्या ठाण्याची नगरपालिका 1863 ची, म्हणजे इंग्रज अमदानीतली. लॉर्ड रिपनने 1882 मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तेव्हा त्याचा मुख्य हेतू कारभार सुधारण्याचा नव्हता. लोकांना राज्यकारभाराचं शिक्षण मिळावं, हा होता. पण त्याच्याही आधी पुण्यात एक सरकारनियुक्त सभासद बसत होते, जोतीराव फुले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत असा विषय आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला, तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. ठराव अर्थातच मंजूर झाला. नेमणूक सरकारची, अधिकार जवळजवळ शून्य, तरी आपण कुणाचे हे त्या माणसाला ठाऊक होतं. तुम्हाला तर आम्ही मतं देऊन पाठवलंय.

आता जरा अप्रिय गोष्ट. तुमच्यावाचून शहर चाललं.

मे 2020 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक करोनामुळे पुढे गेली, मग प्रभाग रचना, मग ओबीसी आरक्षण, मग कोर्ट. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये कान पिळले आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. एका पूर्ण कार्यकाळापेक्षा जास्त काळ इथे एकही नगरसेवक नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-यू मध्ये पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असं स्वच्छ लिहिलेलं असताना. आणि त्या काळात कचरा उचलला गेला, पाणी आलं, स्वच्छ सर्वेक्षणात 2023 साली शहर देशात तिसरं आलं. आमच्या इमारतीतले लोक उघड म्हणायचे, बरंच झालं, कटकट गेली.

मग हरवलं काय? दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपरात एक बातमी यायची, ती आठवा. आयुक्तांनी प्रशासकांना अंदाजपत्रक सादर केलं आणि प्रशासकांनी ते मंजूर केलं. आयुक्त आणि प्रशासक एकच. हजारो कोटींचा हिशेब एका माणसाने स्वतःला दाखवला आणि स्वतःच मान डोलावली. माणूस चांगला असेल, हुशार असेल. पण "ती पाइपलाइन कुठे गेली?" असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं. बेलापूरच्या त्या भव्य मुख्यालयातलं सभागृह इतकी वर्षं रिकामं होतं आणि बाहेरचा उंच झेंडा फडकत होता.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्याचा अर्थ मला 2024 च्या जुलैत कळला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, फूटपाथवरच्या चेंबरचं लोखंडी झाकण कुणीतरी पळवलं. पाऊस चालू, पाणी साचलेलं, आण्णांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. हाड वाचलं, नडगी सोलली, एक चप्पल वाहून गेली. मी अर्ज घेऊन निघाले. पहिल्या कार्यालयात सांगितलं, ती पट्टी आमच्याकडे हस्तांतरित झालेली नाही. दुसऱ्यात सांगितलं, झालेली आहे, त्यांनाच कागद बघायला सांगा. तिसऱ्यात एक साहेब खरंच सभ्यपणे बोलले: चेंबर आमचं आहे, पण त्याच्यावरचा फूटपाथ आमचा नाही. मी कुठल्याच कार्यालयाचं नाव घेत नाही. माझ्या फायलीत तीन वेगवेगळ्या आवक क्रमांकांचे तीन शिक्के आहेत, ते पुरे. शेवटी जुन्या नगरसेवकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, मी फोन करतो, पण मी आता माजी आहे." त्यांनी फोन केलाही. माजीच्या फोनला जेवढा मान असतो तेवढा मिळाला.

चार दिवसांनी सकाळी पाहिलं तर चेंबरवर कडाप्पा. कुणाच्या तरी घरी ओट्याचं काम निघालं होतं, जुना कडाप्पा फेकायचा त्याऐवजी त्याने तो तिथे आणून ठेवला. त्यावर गॅसच्या शेगडीच्या पायांचे चार गोल डाग अजून दिसतात. कुणी ठेवला, आजवर कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, आता आम्ही आलोय. आलात, पण किती हातांनी? ते तुम्हीही उघड बोलत नाही आणि आम्हीही विचारत नाही. आपल्या या स्वराज्याची खरी गंमत हीच की ते अर्धं आहे. 1 जून 1993 ला चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून झोपडपट्टी सुधारणेपर्यंत 18 विषय आले. पण शब्द पाहा. निवडणूक घेतलीच पाहिजे, तिथे सक्ती आहे. अधिकार द्यायचे म्हटल्यावर, राज्य विधिमंडळ कायद्याने ते 'देऊ शकेल'. म्हणजे सभागृह भरवणं बंधनकारक आणि त्या सभागृहाच्या हातात काही ठेवणं ऐच्छिक. आपल्या महानगरपालिका अधिनियमात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त नेमणार राज्य सरकार. महापौर प्रथम नागरिक, पण प्रथम नागरिकाला एक फाइल स्वतःच्या सहीने हलवता येत नाही. तुम्ही बहुमताने केलेला ठराव कलम 451 खाली शासन निलंबित करू शकतं, रद्द करू शकतं. विखंडनासाठी, म्हणजे रद्द करायला, पाठवला, हा शब्द तुम्हाला लवकरच पाठ होईल.

इथे आमचीही एक चूक कबूल करते. ऑक्टोबर 2016 मध्ये याच महापालिकेच्या सभागृहाने तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव केला. तरी आयुक्त पुढच्या मार्चपर्यंत राहिले. तेव्हा आम्ही, निदान आमच्या गल्लीने, टाळ्या वाजवल्या. मीही. आयुक्त शिस्तीचे, नगरसेवक कसे ते आम्हाला ठाऊक. चांगली जिरली, असं वाटलं. आज वाटतं, आम्ही निवडलेल्या सभागृहाचं म्हणणं वरच्यांनी बाजूला ठेवलं याचा आनंद आम्हीच साजरा करत होतो. नगरसेवक नालायक असतील तर त्यांना घरी बसवायचा हक्क आमचा होता, आणि तो आम्ही मंत्रालयाच्या हवाली करून मोकळे झालो. पुढे पाच वर्षं निवडणूक झाली नाही तेव्हा रस्त्यावर कुणी उतरलं नाही, याचं मूळ त्या टाळ्यांतही असेल.

आणि नवी मुंबईत तर अर्ध्याचंही अर्धं. हे शहर वसवलं सिडकोने, म्हणजे राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाने, 1970 पासून. जमीन तिची; बहुतेक इमारती भाडेपट्ट्याच्या भूखंडांवर. इथल्या आगरी-कोळ्यांची मिठागरं आणि शेतं त्यात गेली, 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. महापालिका आली 1 जानेवारी 1992 ला. ती आली आणि गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. घणसोलीच्या, दिवाळ्याच्या, करावेच्या माणसाला विचारा: पंचायतीत तो सरपंचाला नाव घेऊन हाक मारायचा, महापालिकेत त्याला टोकन घ्यावं लागलं. शहर म्हणून बढती मिळाली आणि ग्रामसभा गेली. औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा, वीज महावितरणची. महापालिकेचा स्वतःचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध व्हायला 2022 साल उजाडलं, स्थापनेनंतर तीस वर्षं. आणि त्यात सिडकोच्या भूखंडांवर मैदान-शाळांची आरक्षणं टाकली म्हणून पुन्हा वाद. जी जागा तुमच्या नकाशात खेळाचं मैदान असते, तीच दुसऱ्याच्या नकाशात विक्रीचा भूखंड असते.

धारण तलावांचं उदाहरण तर शाळेत शिकवावं. भरतीच्या वेळी पाऊस आला तर पाणी साठवायला सिडकोने वाशी, बेलापूर या भागांत होल्डिंग पाँड बांधले. कल्पना उत्तम. पुढे त्यांत गाळ भरला, गाळात खारफुटी उगवली. खारफुटी म्हटली की वन विभाग आणि सागरी किनारा प्राधिकरण आलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार सार्वजनिक कामासाठीसुद्धा ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी. खारफुटी वाचलीच पाहिजे, माझं दुमत नाही. पण सेक्टरमध्ये पाणी शिरल्यावर लोक शिव्या देतात त्या फक्त नगरसेवकाला, कारण तोच एक हाताशी सापडतो.

पैशाचंही तसंच. इतर शहरांत जकात नाके होते. नवी मुंबईने नाक्यांऐवजी उपकर लावला, व्यापाऱ्याच्या वह्यांवरून वसूल केला. इथलीच युक्ती, आणि ती चालली. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी. आता राज्य दर महिन्याला नुकसानभरपाई पाठवतं. रक्कम येते, वाढीवही येते, पण स्वतः कमावलेला पगार आणि सासऱ्याने महिन्याला धाडलेला मनीऑर्डर यांत फरक असतोच. राहता राहिला मालमत्ता कर, तर तिथे 'करवाढ नाही' हे इथलं जुनं आश्वासन. ऐकायला गोड आहे. मला मात्र शंका येते की आमच्याकडून जास्त मागायचं नाही म्हणजे आम्हाला जास्त सांगायचंही नाही, असा तो सौदा आहे.

एवढं सगळं असूनही काही हाती लागतं, हे याच शहराने दाखवलंय. मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचं आहे. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका राज्यात बोटांवर मोजण्याइतक्या. उन्हाळ्यात आजूबाजूच्या शहरांत टँकर फिरतात तेव्हा आमच्या नळाला पाणी असतं, ते त्या निर्णयामुळे. तेव्हाच्या सभागृहाकडे अधिकार आजच्याइतकेच होते. म्हणून 'आमच्या हातात काय आहे?' हे वाक्य तुमच्या तोंडी मला पूर्ण पटणार नाही. पाटण तालुक्यातल्या त्या पंचायतीच्या हातात तरी काय आहे? एक शेड किंवा एक संडास. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची घोषणा तुम्ही ऐकली असेल: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. त्यांनी दिल्ली-मुंबईचं सरकार नाकारलं नाही. आपली हद्द तेवढी आखून घेतली आणि तिच्या आत कुणाची वाट पाहिली नाही.

आता मागणं. कायद्यात 2009 पासून क्षेत्र सभेची तरतूद आहे. शेजारशेजारच्या काही मतदान केंद्रांतले मतदार, म्हणजे आम्ही, एकत्र बसणार, नगरसेवक अध्यक्षस्थानी, कुठली कामं आधी हवीत ते आम्ही सांगायचं. आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर पंधरा-सोळा वर्षं कायद्यात पडून होतं, मला आता सापडलं. आमच्या भागात अशी सभा झालेली मी तरी पाहिलेली नाही. ती घ्या. यंदा आणखी एक नवं त्रांगडं आहे: पूर्वी इथे एका वॉर्डात एक नगरसेवक असायचा, आता चौघांचा प्रभाग. ही पद्धत ठरवताना नवी मुंबईकराला कुणी विचारलं नाही. पण चौघे आहात म्हणून कुणाचंच काम कुणाचं नाही, असं होऊ देऊ नका; तो खेळ आम्ही तीन कार्यालयांत पाहिलाय. चौघे चार पक्षांचे असलात तरी एका बाकावर बसा.

येताना एक कागद आणा. एकच, दोन रकाने. आमच्या प्रभागातला रस्ता, नाला, दिवा, उद्यान, शाळा, मार्केट, चेंबर: यातलं काय तुमच्या हातात आहे आणि काय नाही, नसेल तर कुणाच्या हातात, आणि त्यांच्याकडे तुम्ही कधी पत्र दिलंत. स्वायत्तता अर्धी आहे, मान्य. पण ती रेघ नेमकी कुठून जाते हे लपवू नका. कारण ती रेघ दिसत नाही तोवर तुम्ही आम्हाला 'वरून आलं नाही' असं सांगत राहणार आणि वरचे म्हणणार 'खालून प्रस्ताव नाही'. त्या कागदावर 'नाही'चा रकाना मोठा निघाला तर लाजू नका. आपण सगळे मिळून तो घेऊन वर जाऊ. पंचावन्न-साठ माणसं तरी मी आणते.

पेव्हर ब्लॉक बदलू नका. गेल्या दहा वर्षांत आमच्या गल्लीत ते तीनदा बदललेत, लाल, मग करडे, मग पुन्हा लाल, आणि एकदाही कुणी विचारलं नाही. त्या पैशांत काय हवं असं विचारलं असतं तर आमच्याकडेही मागून कुणीतरी म्हातारी उठलीच असती.

येत्या रविवारी सकाळी दहाला या. आमच्या सोसायटीच्या आवारात पन्नास खुर्च्या आहेत, मांडून ठेवतो. माईक नको, गल्ली लहान आहे. हार-गुच्छ नकोत. आण्णांना मी सांगितलंय की आपल्याकडेही ग्रामसभा होणार. त्यांनी पहिला प्रश्न तयार ठेवलाय आणि तो चेंबरचा नाही. ते विचारणार आहेत, "लिवून कोण घेणार?" तेव्हा चौघांबरोबर एक लिहून घेणारा माणूस नक्की आणा, आणि जे लिहाल ते खाली वाचून दाखवून सही घ्या.

गाडी मात्र गल्लीच्या तोंडाशीच उभी करा, आत आणू नका. तो कडाप्पा अजून तिथेच आहे, आणि माणसाचं वजन तो पेलतो. इनोव्हाचं पेलेल असं वाटत नाही.

आपली,
कोपरखैरणेची एक मतदार